सलाईन नाही, मग उपचार कसला?

फोंड्याजवळच्या एका काकी, वय 58 (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). विडी-सिगरेट कधी हातात धरली नाही, तरी फुफ्फुसाचा कॅन्सर, तोही पसरलेला. बायोप्सीचा जनुकीय रिपोर्ट यायचा होता. मुलाने माझ्यापुढे मोबाइल धरला. त्यात गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो, ऑफिसातल्या कुणाच्या मावशीला गुण आलेला. "मॅडम, आई सिगरेट ओढत नव्हती, म्हणजे हीच गोळी लागू पडणार ना? आजच सुरू करतो."

अशा गोळ्या ज्यांवर चालतात ते ईजीएफआर, एएलके या जनुकांतले बदल न ओढणाऱ्यांत जास्त सापडतात, हे खरं. पण प्रत्येकात असतातच असं नाही. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या, आशियातल्या आयपास या औषध-चाचणीत बहुतेक रुग्ण कधीच न ओढलेले होते. ईजीएफआरमध्ये बदल असलेल्यांचा आजार गेफिटिनिब गोळीने केमोपेक्षा जास्त काळ थोपवला. बदल नसलेल्यांत मात्र गोळी सपशेल मागे पडली. हे ऐकून त्याने फोन खिशात घातला.

तो बिल भरायला गेला तशा काकी हळूच म्हणाल्या, "घरीच गोळी घ्या म्हणतील तर डॉक्टरांनी हात टेकले असं समजायचं का गो?"

हा प्रश्न मला फार वेळा येतो. पूर्वी मी म्हणायचे, गोळी सौम्य असते. तो शब्द आता सोडलाय. ऐकणाऱ्याला 'कमजोर' असंच ऐकू येतं, आणि तो खराही नाही. चेहऱ्यावर पुरळ येते, जुलाब होतात, नखांच्या कडा सुजतात. क्वचित फुफ्फुसालाच सूज येते, म्हणून नवी धाप लागली की त्याच दिवशी फोन करायचा.

रिपोर्टमध्ये ईजीएफआरचा बदल निघाला. आता मुलगा विचारतो, "मग केमो नकोच?" तेही इतकं सरळ नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या चाचणीत नुसत्या गेफिटिनिबवर आजार साधारण 8 महिने थांबला, केमोची जोड दिल्यावर 16. पण त्रासही वाढला. ऑसिमर्टिनिबसारख्या नव्या गोळ्यांचा हिशेब आणखी वेगळा. डॉक्टरांशी दोनदा बोलून काकींनी नुसती ऑसिमर्टिनिब निवडली.

चवथीनंतर आल्या तेव्हा दोन बोटांना पट्टी होती. पिशवीतून नेवऱ्यांचा डबा काढला. "मुरड सुनेनं घातली," त्या म्हणाल्या. "वाकडी आहे, पण खा."