अॅस्बेस्टॉस कामगाराची बायॉप्सी वाचताना

फुप्फुसाच्या आवरणाची बायॉप्सी हाती आली की स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली ठेवण्याआधी रुग्णाने तरुणपणी कोठे काम केले ते विचारून घ्या, कारण मेसोथेलिओमा (या आवरणाचा कर्करोग) अॅस्बेस्टॉसच्या संपर्कानंतर बहुधा 30 ते 40 वर्षांनी उघड होतो आणि केसपेपरवर मात्र ‘निवृत्त’ एवढेच लिहिलेले असते. वॅग्नर व सहकाऱ्यांनी 1960 मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या केप प्रांतातून नोंदवलेल्या मेसोथेलिओमाच्या 33 रुग्णांत अॅस्बेस्टॉसच्या खाणींच्या परिसरात केवळ राहिलेली माणसेही होती. म्हणून कामाचे कपडे घरी कोण धूत असे, हेही विचारावे.

मेसोथेलिओमाचा एपिथेलिऑइड प्रकार अॅडेनोकार्सिनोमासारखा (ग्रंथीपेशींच्या कर्करोगासारखा) दिसतो, तेव्हा एकाच मार्करवर (पेशींची ओळख पटवणाऱ्या प्रथिनावर) विसंबू नका: मेसोथेलिओमाकडे बोट दाखवणारे कॅलरेटिनिन आणि डब्ल्यूटी-1 सकारात्मक आहेत ना, अॅडेनोकार्सिनोमाकडे बोट दाखवणारे क्लॉडिन-4 आणि टीटीएफ-1 नकारात्मक आहेत ना, हे एकत्र पाहा. पेशी आवरणाबाहेरच्या चरबीत घुसल्या आहेत का, हे मी सर्वांत आधी शोधतो. बीएपी-1 हे प्रथिन पेशींतून नाहीसे झाले असेल तर निदानाला बळ मिळते, पण ते शाबूत असले म्हणून मेसोथेलिओमा नाकारता येत नाही.

या कामगारांना फुप्फुसाचा कर्करोगही होतो आणि धूम्रपानाने तो धोका कैक पटींनी वाढतो; तेव्हा ‘विडी ओढत असे’ एवढ्या शेऱ्यावर कामाचा इतिहास पुसला जाऊ देऊ नका, कारण कुटुंबाचा भरपाईचा दावा त्या नोंदीवर उभा राहतो.