वाचक विचारतात: वादळ बघणारे हॅमवाले

प्रश्न: नमस्कार सर, आम्ही गेल्या वर्षी ओक्लाहोमात शिफ्ट झालो. इथे वसंतात सारखे टॉर्नेडोचे अलर्ट येतात. ऑफिसमधला एकजण हॅम रेडिओवाला आहे, म्हणजे लायसन्स घेऊन हौसेने रेडिओवर बोलणारा, आभाळ भरून आलं की गाडी काढून शहराबाहेर जाऊन थांबतो आणि रेडिओवर माहिती देतो, म्हणे हवामान खात्यासाठी, आणि तेही फुकट. एवढे रडार, सॅटेलाइट असताना माणसाने जाऊन बघायची गरज काय? आणि बघितलंच तर सरळ फोन करावा ना, रेडिओ कशाला? (एक वाचक, ओक्लाहोमा)

उत्तर: तुमचा सहकारी जे करतो त्याला स्कायवॉर्न म्हणतात, अमेरिकेच्या नॅशनल वेदर सर्व्हिसचा हा कार्यक्रम १९७०च्या आसपासपासून चालू आहे आणि आज त्यात साडेतीन ते चार लाख ट्रेनिंग घेतलेले स्पॉटर, म्हणजे वादळावर नजर ठेवून कळवणारे, आहेत. सगळे हॅम नाहीत बरं का, पोलीस, फायरवाले, शेतकरी, घरात बसून खिडकीतून बघणारे आजोबा, सगळे आले त्यात.

आता रडार. रडारचा सगळ्यात खालचा बीमसुद्धा साधारण अर्धा अंश वर तोंड करून निघतो, त्यात पृथ्वी गोल, म्हणजे बीम जसजसा लांब जातो तसतसा जमिनीपासून उंच होत जातो, १०० किलोमीटरवर तो जवळपास दीड किलोमीटर वर असतो. म्हणजे ढगाच्या पोटात वारा फिरतोय हे रडारला दिसतं पण खाली जमिनीला काही टेकलंय की नाही ते दिसत नाही, आणि लोकांचं घर तर जमिनीवरच असतं. पुढचा अलर्ट आला की तो नीट वाचा, त्यात सोर्स म्हणून एक ओळ असते. कधी तिथे रडारवर फिरणारा वारा दिसतोय असं असतं तर कधी स्पॉटरने टॉर्नेडो कन्फर्म केलाय असं. दुसरं वाचलं की तळघराकडे पळणाऱ्याचे पाय जरा जास्त जोरात पळतात, माझे तरी पळतील.

फोनचं म्हणाल तर फोनवरून, ऑनलाइनसुद्धा रिपोर्ट घेतातच, त्यात कमीपणा काही नाही. पण वादळात टॉवरची वीज जाते, नाहीतर सगळं गाव एकाच वेळी फोन लावत बसतं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे फोनवर दोघंच ऐकतात, रेडिओवर एकजण बोलला की सगळे ऐकतात, त्यामुळे पाच जणांनी एकच ढग पाच वेळा सांगायची वेळ येत नाही. या गप्पांना नेट म्हणतात, आणि कोणी कधी बोलायचं ते नेट कंट्रोल ठरवतो. तो सुरुवातीलाच सांगून टाकतो की काय सांगायचं: एक इंच किंवा मोठी गार, ताशी ५८ मैल किंवा जास्त वारा, फिरणारा वॉल क्लाऊड (वादळी ढगाच्या तळाखाली उतरलेला ढगाचा भाग), फनेल (ढगातून लोंबणारं, जमिनीला न टेकलेलं फिरणारं नरसाळं), टॉर्नेडो. बाकी आमच्याकडे पाऊस सुरू झाला, अंधारून आलंय वगैरे मनात ठेवायचं. नेट ऐकाल तर बराच वेळ नुसती शांतताच असते, आणि चांगलं नेट असंच असतं.

रिपोर्ट कसा असतो? "६ वाजून १२ मिनिटं. मी हायवेच्या अमुक एक्झिटपाशी. माझ्या पश्चिमेला अंदाजे चार मैलांवर वॉल क्लाऊड, फिरतोय, ईशान्येकडे सरकतोय." झालं, एवढंच. नवीन माणूस हमखास स्वतः कुठे आहे ते सांगतो आणि ढग कुठे आहे ते विसरतो, मग हवामान खात्याच्या ऑफिसातला माणूस नकाशावर चुकीच्या ठिकाणी टिंब टाकणार. गारेचं माप सांगताना गोटीएवढी म्हणायचं नाही, गोट्या काय लहानमोठ्या असतात, क्वार्टर (२५ सेंटचं नाणं) म्हणा म्हणजे एक इंच, गोल्फ बॉल म्हणा म्हणजे पावणेदोन इंच. आणि मोजलं की अंदाज केला तेही सांगायचं.

सगळ्यात जास्त फसवणूक करतो तो स्कड, खाली लोंबणाऱ्या ढगाच्या चिंध्या. बघणाऱ्याला वाटतं आलाच टॉर्नेडो. अशा वेळी मिनिट दोन मिनिट नुसतं बघत राहायचं, तो खरंच गोल फिरतोय का, की नुसता वर खाली होतोय. ट्रेनिंगमध्ये हेच फोटो आणि व्हिडिओ दाखवून डोळे तयार करतात.

आणि एक सांगतो, स्पॉटर वेगळा आणि वादळामागे गाडी पळवणारे चेझर वेगळे. ३१ मे २०१३ला तुमच्याच राज्यात एल रेनोचा टॉर्नेडो २.६ मैल रुंद झाला आणि त्यात वर्षानुवर्षं वादळांचा अभ्यास करणारे अनुभवी लोक गेले. वादळ नैऋत्येकडून ईशान्येकडे जात असेल तर स्पॉटर सहसा त्याच्या आग्नेयेला थांबतो, पळायला मोकळा रस्ता हाताशी ठेवून, आणि रात्रीच्या अंधारात तर मी म्हणेन घरीच बसा.

प्रश्न: आम्ही एच-१बीवर आहोत. आम्हाला हे हॅम रेडिओचं लायसन्स मिळतं का? मुलगी बारा वर्षांची आहे, तिलाही करायचंय. (एक वाचक, कॅन्सस)

उत्तर: मिळतं. नागरिक असण्याची अट नाही, वयाचीही नाही, परदेशी सरकारचे प्रतिनिधी तेवढे वगळलेत. अमेरिकेतला पोस्टाचा पत्ता लागतो. टेक्निशियनची, म्हणजे पहिल्या पातळीच्या लायसन्सची, परीक्षा ३५ प्रश्नांची, २६ बरोबर आले की पास, मोर्स कोड २००७ पासून नाही. एफसीसीची (लायसन्स देणाऱ्या सरकारी खात्याची) फी ३५ डॉलर, परीक्षा घेणारे थोडेफार वेगळे घेतात. रेडिओवरच्या या कामाचे पैसे घेता येत नाहीत, ते नियमातच आहे.

पण आधी स्कायवॉर्नचा क्लास करा, साधारण दोन तासांचा, फुकट, त्याला लायसन्स लागत नाही. नुसतं नेट ऐकायलाही लागत नाही, बोलायला लागतं. मुलीला आधी एक सीझन ऐकू दे. आणि हो, अर्जात लिहिलेला पत्ता एफसीसीच्या साइटवर कॉलसाइनसोबत (लायसन्सबरोबर मिळणारी रेडिओवरची ओळख) कोणालाही दिसतो, त्यामुळे बरेच जण घरचा न देता पोस्ट ऑफिसचा बॉक्स नंबर देतात.