समीकरण ‘सिद्ध’ करायचं की ‘काढायचं’?

प्रश्न असा आहे: एकसमान त्वरणाच्या तीन समीकरणांबद्दल मराठीत लिहिताना कुणी ‘समीकरण सिद्ध करा’ म्हणतं, कुणी ‘काढा’, कुणी ‘मिळवा’, तर कुणी थेट त्याची ‘व्युत्पत्ती’ देतं. बोलताना बहुतेक जण ‘डेरिव्हेशन’च म्हणतात. मग मराठीत नेमका शब्द कोणता? शिवाय ‘गतीविषयक’ की ‘गतिविषयक’, हेही विचारलं आहे.

‘व्युत्पत्ती’ आधी बाजूला ठेवू. मराठीत व्युत्पत्ती असते ती शब्दाची, आणि ‘व्युत्पन्न’ म्हणजे शास्त्रांत मुरलेला विद्वान. हिंदीत ‘समीकरण व्युत्पन्न करना’ रुळलेलं आहे, ते तिथे ठीक. मराठी वाचकाला ‘समीकरणाची व्युत्पत्ती’ म्हटलं की ‘समीकरण’ हा शब्द कुठून आला हे आता कळणार, असंच वाटेल.

खरी निवड ‘सिद्ध करणे’ आणि ‘काढणे’ यांच्यात आहे. हे दोन्ही शब्द बरोबर आहेत, पण ते दोन वेगळ्या कामांचे आहेत. विधान आधीच समोर ठेवलेलं असेल आणि ते खरं आहे एवढं दाखवायचं असेल, तर आपण ते सिद्ध करतो. पोचायचं कुठे हे दिलेलं नसेल, हातात फक्त व्याख्या असेल आणि तिच्यातून पायरीपायरीने नवा संबंध बाहेर येत असेल, तर आपण तो काढतो. ‘मिळवणे’ हे ‘काढणे’च्याच जवळचं. ‘मांडणे’ मात्र निराळं: शाब्दिक उदाहरण वाचून आपण समीकरण मांडतो. आणि मोजमापं घेऊन त्यांना जुळेल असं सूत्र शोधलं, तर ते ‘बसवलेलं’ सूत्र, काढलेलं नव्हे.

इथे मराठी व्याकरणातली एक जोडी फार उपयोगी पडते: सिद्ध शब्द आणि साधित शब्द. जो शब्द भाषेत मुळातच आहे तो सिद्ध. उपसर्ग, प्रत्यय लागून किंवा अभ्यस्त होऊन, म्हणजे पुनरावृत्ती होऊन, जो तयार झाला तो साधित. म्हणजे व्याकरणात ‘सिद्ध’ हे नेमकं त्याचं नाव, जे कशातून काढलेलं नाही! गणितातला ‘सिद्ध’ आणि व्याकरणातला ‘सिद्ध’ असे एकमेकांकडे पाठ करून उभे आहेत. मला व्याकरणाची जोडी इथे अधिक मोलाची वाटते, कारण या तीन समीकरणांत काय सिद्ध आणि काय साधित हे तिच्यामुळे स्वच्छ दिसतं. ते प्रत्यक्ष काढूनच पाहू.

पहिला वेग प, शेवटचा वेग श, त्वरण त, लागलेला काळ क आणि विस्थापन, म्हणजे वस्तूच्या जागेत झालेला बदल, व अशी अक्षरं घेऊ. त्वरण म्हणजे वेगात होणाऱ्या बदलाचा दर:

त = (श − प) / क

ही व्याख्या आहे, म्हणजे आपला सिद्ध शब्द. ती कशातून काढत नाहीत, ठरवतात. आता क पलीकडे नेला की

श = प + त × क

हे झालं पहिलं समीकरण. यात काढण्यासारखं जवळजवळ काही नाही, व्याख्याच कूस बदलून पुढे आली आहे. म्हणून ‘पहिलं समीकरण सिद्ध करा’ हे वाक्य मला खटकतं. तिथे ‘व्याख्येवरून लिहा’ एवढं पुरे.

दुसरं समीकरण खरं साधित. विस्थापन म्हणजे सरासरी वेग गुणिले काळ. सरासरी वेग कसा घ्यायचा? त्वरण एकसमान असेल तर वेग सरळ रेषेत वाढतो, म्हणून सरासरी दोन टोकांच्या बरोबर मधोमध पडते:

व = (प + श) / २ × क

यात शच्या जागी प + त × क ठेवलं की

व = प × क + (१/२) × त × क²

आलेखावर हेच डोळ्यांना दिसतं. आडव्या अक्षावर काळ, उभ्यावर वेग. रेषेखालच्या समलंब चौकोनात खाली प × क क्षेत्रफळाचा आयत, त्यावर त्रिकोण. पहिला वेग सेकंदाला ५ मीटर, त्वरण २ मीटर प्रति सेकंद वर्ग आणि काळ ६ सेकंद घ्या. शेवटचा वेग १७ होतो. आयताचे ३० मीटर, त्रिकोणाचे ३६, एकूण ६६. सरासरी वेग ११, त्याला ६ ने गुणलं तरी ६६.

‘एकसमान’ हे विशेषण इथे किती भार वाहतं ते पाहा. समजा, तीच वस्तू पहिल्या एका सेकंदातच वेग सारख्या दराने ५ वरून १७ वर नेते आणि उरलेले ५ सेकंद १७ नेच जाते. टोकांचे वेग तेच, काळ तोच, सरासरी त्वरणही २ च. पण विस्थापन पहिल्या सेकंदात ११ मीटर आणि पुढे ८५, म्हणजे ९६ मीटर. पहिलं समीकरण सरासरी त्वरण घालून अजून जुळतं, दुसरं साफ कोसळतं. म्हणून दुसरं समीकरण काढताना ‘त्वरण एकसमान असल्याने’ हे शब्द ज्या ओळीत सरासरी घेतली त्याच ओळीत लिहायला हवेत. शीर्षकात एकदा म्हणून टाकले की झालं, असं नाही.

‘एकसमान’ शब्दात आणखी एक प्रश्न दडलेला आहे: एकसमान कशाच्या हिशेबाने? समान काळात वेगाची समान वाढ, की समान अंतरात समान वाढ? मराठी शब्द यावर गप्प आहे, व्याख्येलाच बोलावं लागतं. हा प्रश्न पोकळ नाही. खुद्द गॅलिलिओने १६०४ च्या सुमारास पडणाऱ्या वस्तूचा वेग पडलेल्या अंतराच्या प्रमाणात वाढतो असं धरलं होतं. १६३८ मध्ये छापलेल्या ग्रंथात त्याने काळ धरून व्याख्या केली आणि अंतराचा पर्याय नाकारला. अंतराच्या प्रमाणात वेग वाढतो असं मानलं, तर स्थिर वस्तू हलायलाच सुरुवात करू शकत नाही: अंतर शून्य म्हणून वेग शून्य, वेग शून्य म्हणून अंतर शून्य. काळ धरला की गाठ सुटते. टोकांच्या मधला वेग घेऊन अंतर काढण्याची युक्ती तर त्याच्याही आधीची, चौदाव्या शतकातल्या ऑक्सफर्डच्या गणितज्ञांची. आकृती काढून ती दाखवली फ्रान्सच्या निकोल ओरेमने, त्याच शतकात.

तिसऱ्या समीकरणात काळाचा लोप करायचा. ‘लोप’ हा शब्दही व्याकरण आणि बीजगणित दोघांचा, आणि दोन्हीकडे अर्थ एकच. पहिल्या समीकरणावरून क = (श − प) / त. हे सरासरीच्या ओळीत घातलं की

व = (श + प)(श − प) / (२ × त)

म्हणजे श² = प² + २ × त × व. वरच्या आकड्यांवर ताळा: १७ चा वर्ग २८९, आणि २५ + २ × २ × ६६ म्हणजेही २८९.

आता नाम कोणतं वापरावं? क्रियापद ‘काढणे’ ठरलं, पण वहीत मथळा लिहायला नाम लागतं. ‘सिद्धता’ भूमितीत पक्की बसली आहे, ती प्रमेयांसाठी राहू द्यावी. माझं मत ‘उपपत्ती’ला. गणितातला हा आपला जुना शब्द आहे. सूत्र किंवा रीत का लागू पडते याचं कारणांसह विवरण म्हणजे उपपत्ती. भास्कराचार्यांनी ११५० च्या सिद्धान्तशिरोमणीत म्हटलं आहे की उपपत्तीवाचून गणकाला जाणत्यांच्या सभेत मान मिळत नाही आणि त्याचा स्वतःचा संशयही फिटत नाही. आज मराठीत उपपत्ती हा शब्द एखाद्या घटनेचं स्पष्टीकरण देणाऱ्या सिद्धान्तासाठीही वापरतात, त्यामुळे थोडा घोळ होऊ शकतो. पण ‘दुसऱ्या समीकरणाची उपपत्ती’ असा पूर्ण मथळा असला की कुणाचा गैरसमज होणार नाही. विशेषण हवं असेल तर ‘साधित समीकरण’ उत्तम.

जाता जाता ‘त्वरण’बद्दल. त्वरा, सत्वर यांच्याच घरातला हा शब्द. जुन्या लेखनात याच अर्थी ‘प्रवेग’ही भेटतो. दोन्ही चालतात, मात्र एका लेखात एकच ठेवावा.

आणि शेवटचा भाग: एकटा शब्द ‘गती’ दीर्घ, पण समासात पहिलं पद म्हणून आला की तत्सम ऱ्हस्व इकार परत येतो. गतिरोधक, तसंच गतिविषयक. ‘गतीची समीकरणं’ लिहिलंत तर तो समास नाही, तिथे दीर्घच.