ग्राफिक्स ड्रायव्हरमधले बग सोडवायला आधी जीपीयू आतून शिकावा लागतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सी बऱ्यापैकी येते, लिनक्स रोजच्या वापरात आहे, मेसासारख्या ओपन सोर्स ड्रायव्हरमधले बग सोडवायचे आहेत, जमलं तर वेगही वाढवायचा आहे, पण जीपीयू (ग्राफिक्सचा प्रोसेसर) आतून कसा चालतो याची काहीच कल्पना नाही. मग आधी एखाद-दोन वर्षं तोच अभ्यास करावा का?

नका करू. तो अभ्यास संपत नाही, आणि नुसता वाचून होतही नाही. मी या कामात पडले तेव्हा मला व्हर्टेक्स शेडर (त्रिकोणांचे कोपरे कुठे पडतील ते ठरवणारा, जीपीयूवर चालणारा छोटा प्रोग्रॅम) कशाशी खातात एवढंच जेमतेम ठाऊक होतं. माझा पहिला पॅच (कोडमधली दुरुस्ती) एका ओळीचा होता आणि ती ओळ सापडायला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत काय काय केलं तेच सांगते, म्हणजे कुठलं ज्ञान लागतं आणि कुठलं नाही ते तुमचं तुम्हाला कळेल.

त्याआधी एक गैरसमज. 'ड्रायव्हर' म्हटलं की सगळ्यांना कर्नल आठवतो आणि घाम फुटतो. कर्नलमधला भाग मेमरी वाटतो, कामं रांगेत लावतो आणि जीपीयू हँग झाला तर त्याला रीसेट करतो. बाकीचा भला मोठा पसारा तुमच्याच प्रोग्रॅमच्या प्रोसेसमध्ये लायब्ररी म्हणून लोड होतो, तो म्हणजे मेसा. ओपनजीएल किंवा व्हल्कन या चित्रं काढायच्या एपीआयचे कॉल घेऊन जीपीयूला कळतील अशा कमांड बनवणं आणि शेडर कंपाइल करणं, ही दोन्ही कामं तिथे होतात. ब्रायन पॉल यांनी १९९३ मध्ये ते सुरू केलं तेव्हा कार्डाचा संबंधच नव्हता, सगळं चित्र सीपीयूच काढायचा. आज इंटेल, एएमडी, क्वालकॉम, एआरएम अशा कितीतरी चिपचे ड्रायव्हर त्यात एकत्र नांदतात. तुमच्या दृष्टीनं महत्त्वाचं एवढंच की ही साधी यूझरस्पेस लायब्ररी आहे. तिला जीडीबी हा डीबगर लावता येतो, प्रिंटएफ टाकता येतो, आणि बदल करून बघायला मशीन रीबूट करावं लागत नाही.

फक्त बनवलेली लायब्ररी सिस्टिमच्या ड्रायव्हरवर इन्स्टॉल करू नका. मेसन आणि निंजा या बिल्डच्या साधनांनी वेगळ्या फोल्डरमध्ये बिल्ड करा आणि एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल देऊन एकाच प्रोग्रॅमला ती वापरायला लावा. मी शहाणपणा करून एकदा थेट इन्स्टॉल केली होती. नंतरची संध्याकाळ काळ्या कन्सोलवर जुनी पॅकेजं परत बसवण्यात गेली.

आता तो बग. एका थ्रीडी सीनमध्ये पाण्यात आकाशाचं प्रतिबिंब दिसायला हवं होतं, आणि त्या जागी मागच्या कुठल्यातरी चित्राचे चौकोनी तुकडे दिसत होते. डोंगर ठीक, झाडं ठीक, फक्त आकाशाच्या जागी ठिगळं. ड्रायव्हरचं नाव घेत नाही, त्याची गरजही नाही.

चित्र कसं बिघडलंय हे नीट बघायची सवय लावा, निम्मं निदान तिथेच होतं. त्रिकोण ताणले जाऊन पडद्याबाहेर पळत असतील तर व्हर्टेक्सचा किंवा इंडेक्सचा डेटा चुकीच्या जागेवरून वाचला जातोय. लाल आणि निळा यांची अदलाबदल झाली असेल तर फॉरमॅट. दर वेळी वेगळं दिसत असेल, कधी बरोबर कधी चूक, तर बहुधा कुणीतरी कुणासाठी थांबायचं विसरलंय. आणि नीटनेटके चौकोन दिसले की कॅश, टायलिंग किंवा कॉम्प्रेशन, कारण हार्डवेअर पिक्सेल साठवतं तेच ठोकळ्याठोकळ्यांत. माझ्यासमोर चौकोन होते.

पहिले तीन दिवस बग हातात धरण्यात गेले. बग दर वेळी हमखास दिसायला हवा, नाहीतर दुरुस्त झाला की लपला हे कळणार नाही. ओपनजीएल असेल तर एपीआयट्रेस आणि व्हल्कन असेल तर जीएफएक्सरीकन्स्ट्रक्ट सगळे कॉल फाइलमध्ये टिपून ठेवतं. मग मूळ प्रोग्रॅमची गरज संपते, ती फाइल पुन्हा पुन्हा चालवायची. ती मी लाव्हापाइपवर चालवली. हा मेसामधलाच, पण पूर्ण सीपीयूवर चालणारा व्हल्कन ड्रायव्हर. तिथे आकाश स्वच्छ निळं! म्हणजे संशय आमच्या ड्रायव्हरवर. तरी लगेच खात्री धरायची नाही. प्रोग्रॅमनंच न भरलेली मेमरी वाचली असेल तर ती एका ड्रायव्हरवर नशिबानं शून्य निघते आणि दुसऱ्यावर कचरा. म्हणून एपीआयचा चुकीचा वापर पकडणारे व्हल्कनचे व्हॅलिडेशन लेयर लावून बघितले. त्यांची काही तक्रार नव्हती.

मग डीबगचे पर्याय. जवळपास प्रत्येक ड्रायव्हरमध्ये एकेक सोय बंद करायची खुंटी असते. एएमडीच्या रॅडव्हीमध्ये 'नोडीसीसी' म्हटलं की रंगांचं कॉम्प्रेशन बंद, 'नोहायझेड' म्हटलं की खोलीची झटपट चाचणी बंद, 'झिरोव्हीरॅम' म्हटलं की नवी व्हिडिओ मेमरी शून्यानं भरून मिळते, 'सिंकशेडर्स' म्हटलं की प्रत्येक ड्रॉनंतर थांबा. या खुंट्या एकेक करून फिरवायच्या. माझ्याकडे 'फास्ट क्लिअर' बंद केल्याबरोबर ठिगळं गेली.

हे फास्ट क्लिअर म्हणजे काय ते मला त्या दिवशीच कळलं, आणि त्यासाठी अर्धा तास पुरला. आख्खं चित्र निळं करायचं असेल तर प्रत्येक पिक्सेलमध्ये निळा लिहीत बसण्याऐवजी हार्डवेअर शेजारच्या छोट्याशा वहीत नोंद करतं: 'हा ठोकळा निळा समजा.' मेमरीत जुना कचरा तसाच पडून असतो. पुढे ते चित्र टेक्स्चर म्हणून, म्हणजे दुसऱ्या चित्रात वापरण्यासाठी, वाचायचं असेल आणि वाचणाऱ्याला ती वही बघता येत नसेल, तर त्याआधी ड्रायव्हरनं नोंदी बघून खरोखरचा निळा भरून द्यायला हवा. आकाशाच्या भागावर क्लिअरनंतर काहीच काढलेलं नव्हतं, म्हणून तिथेच कचरा दिसत होता. डोंगरावर खरे पिक्सेल लिहिले गेले होते, म्हणून डोंगर शाबूत. म्हणजे भरून देण्याची पायरी कुठेतरी गळत होती.

रेंडरडॉक या फ्रेम तपासायच्या साधनात प्रतिबिंबाचं क्यूबमॅप, म्हणजे घनाच्या बाजूंवरची चित्रं, उघडलं. सहा बाजू. पहिली स्वच्छ, उरलेल्या पाच ठिगळांच्या. यात दोन दिवस डोकं खाल्लं. पायरी गळत असेल तर सहाही बाजूंना गळायला हवी ना?

कॉलची यादी बघितल्यावर कळलं की प्रोग्रॅम पहिली बाजू वेगळी हाताळत होता आणि बाकीच्या पाच एकदम: 'बाजू १ पासून उरलेल्या सगळ्या' (मोजणी ० पासून, म्हणून पहिली बाजू ०). व्हल्कनमध्ये 'उरलेल्या सगळ्या' सांगायला संख्येच्या जागी एक खास किंमत देतात, ३२ बिटांतली सगळ्यात मोठी, ४२९४९६७२९५. ड्रायव्हरमधला कोड सुरुवात आणि संख्या यांची बेरीज करत होता आणि बेरीज आणि चित्रातल्या एकूण बाजू यांतला लहान आकडा शेवट म्हणून धरत होता. सुरुवात ० असेल तर बेरीज अवाढव्य येते, तिच्यापेक्षा ६ लहान, सगळं बरोबर. सुरुवात १ असेल तर बेरीज ३२ बिटांत मावत नाही, आकडा गोल फिरून ० होतो. शून्य आणि सहा यांत लहान शून्य. लूप एकदाही फिरत नाही. कसली चूक दाखवणार, कसला क्रॅश होणार! जगातले बहुतेक प्रोग्रॅम सुरुवात ० देतात, म्हणून इतके दिवस कुणाला काही दिसलं नव्हतं. ती खास किंमत आधी खऱ्या संख्येत बदलून देणारं फंक्शन त्याच कोडबेसमध्ये होतं. फक्त इथे कुणी ते वापरलं नव्हतं.

यात जीपीयूचं ज्ञान किती लागलं ते तुम्हीच मोजा. गिट बायसेक्टचा (बिघडवणारा कमिट दर वेळी यादी निम्मी करत शोधण्याचा) इथे उपयोग नव्हता, कारण बग पहिल्या दिवसापासूनच होता. पण 'मागच्या आवृत्तीत चालत होतं' अशी तक्रार असेल तर आधी तेच करायचं. हजार कमिट असले तरी दहाएक बिल्डमध्ये गुन्हेगार सापडतो, आणि त्यासाठी एक ओळही समजायची गरज नसते.

वेगाचं काम मला जास्त फसवं वाटतं, कारण तिथे स्वतःलाच फसवणं फार सोपं. कार्ड गरम झालं की त्याचं घड्याळ (क्लॉक) हळू होतं, थंड असताना जोरात पळतं. पहिल्या वेळी शेडर कंपाइल होतात, दुसऱ्या वेळी कॅशमधून येतात. मी एकदा मोठ्या अभिमानानं एक सुधारणा पाठवली आणि दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की 'नंतर'चे आकडे मी कॅश भरल्यावर घेतले होते. गुपचूप मागे घेतली. आता घड्याळ एका जागी बांधते, जुनं-नवं आलटून पालटून चालवते, आणि मिलिसेकंदांत बोलते. सेकंदाला ६० फ्रेमच्या ६३ झाल्या तर दर फ्रेमला जवळजवळ ०.८ मिलिसेकंद वाचतात. १००० च्या ११०० झाल्या तर ०.०९. दुसरा आकडा दिसायला भारी, कमाई मात्र पहिल्यात.

मग बघायचं की अडतंय कोण, सीपीयू की जीपीयू. रिझोल्यूशन निम्मं करूनही फ्रेमचा वेळ तेवढाच राहिला तर बहुधा सीपीयू. अशा वेळी पर्फ लावा, सीपीयूचा वेळ कुठल्या फंक्शनमध्ये जातो ते तो दाखवतो. मला त्यात एक निरागस फंक्शन सगळ्यात वर दिसलं होतं. ते जीपीयूच्या मेमरीत मॅप केलेल्या जागी डिस्क्रिप्टर (टेक्स्चर, बफर कुठे आहेत ते जीपीयूला सांगणाऱ्या नोंदी) लिहीत होतं आणि मधेच एका फील्डवर 'ऑर-इक्वल्स' (|=) करत होतं. सीला ती एक साधी क्रिया. पण 'ऑर-इक्वल्स' म्हणजे आधी वाचणं आणि मग लिहिणं, आणि ही मेमरी असते राइट-कंबाइन्ड: लिहायला झकास, वाचायला भयंकर, कारण वाचन कॅशमधून होतच नाही. किंमत आधी लोकल व्हेरिएबलमध्ये जुळवून शेवटी एकदाच लिहिली आणि ते फंक्शन यादीतून दिसेनासं झालं. ज्याला सी येते त्याला हे जमतं, ती मेमरी कुठली आहे एवढं कळलं की झालं.

जीपीयूच अडत असेल तेव्हा मात्र थोडं हार्डवेअर शिकावं लागतं. एकच उदाहरण देते. एएमडीच्या जुन्या जीसीएन चिपमध्ये एका सिमडीकडे (एकच क्रिया अनेक लेनवर एकदम करणाऱ्या भागाकडे) प्रत्येक लेनमागे २५६ व्हेक्टर रजिस्टर असतात आणि ते तिथे एकाच वेळी राहणाऱ्या वेव्हना (एकत्र चालणाऱ्या थ्रेडच्या गटांना) वाटून द्यायचे असतात. शेडरला ६४ रजिस्टर लागले तर चार वेव्ह बसतात. ६५ लागले की तीनच. एक वेव्ह मेमरीची वाट बघत असताना दुसरी काम करते, सगळी गंमत त्यावर. त्यामुळे कंपाइलरनं एक रजिस्टर जास्त उधळला तर शेडर हळू होऊ शकतो. कंपाइलरमध्ये बदल केला की हजारो शेडर जुन्या-नव्यानं कंपाइल करून रजिस्टर आणि इन्स्ट्रक्शन किती बदलले ते बघतात, शेडर-डीबी आणि फॉसिलाइझ त्यासाठीच आहेत. पण हे आकडे दिशा दाखवतात, वेग नाही. इन्स्ट्रक्शन कमी होऊन फ्रेम हळू झालेली मी पाहिली आहे.

पाठवण्याचं फार अवघड नाही. फ्रीडेस्कटॉपच्या गिटलॅबवर मर्ज रिक्वेस्ट, कमिटच्या सुरुवातीला ड्रायव्हरचं नाव, आणि ज्या कमिटमुळे बग आला त्याचा 'फिक्सेस' उल्लेख, म्हणजे दुरुस्ती स्टेबल आवृत्त्यांमध्येही जाते. सोबत बग दाखवणारी छोटी टेस्ट जोडलीत तर रिव्ह्यूअर तुमच्यावर खूश. माझ्याकडे टेस्ट नव्हती. 'टेस्ट नाही?' असं विचारून त्यानं पुढे एकच ओळ लिहिली: हीच बेरीज आणखी कुठे केलेली आहे का? मी ग्रेप केलं. दोन ठिकाणी निघाली. माझा दुसरा आणि तिसरा पॅच तेच.