आतून कोरडा, तरी कुडकुडतोय

प्रश्न : नमस्कार दादा, मी नाशिकचा. सप्टेंबरमध्ये मनालीवरून लेहला जायचंय, गाडी रॉयल एनफिल्डची हिमालयन ४११ बाइक, मागे बायको. माझं जॅकेट मेशचं, म्हणजे जाळीदार कापडाचं आहे, आत रेन लायनर (पाणी अडवणारं अस्तर) आणि थर्मल लायनर (उबेचं अस्तर) दोन्ही. पण जुलैत कसारा घाटात दोन तास पाऊस लागला आणि आतून कोरडा असूनही घरी पोचेपर्यंत दात वाजत होते, हे काय गौडबंगाल? आणि आता दोघांना हीटेड लायनर, म्हणजे विजेवर तापणारे, घ्यावेत का? खर्च करेन, पण एकदाच.

उत्तर : गौडबंगाल काही नाही रे, रेन लायनर आत आणि मेश बाहेर म्हणजे पाऊस तुझ्या अंगापर्यंत पोचला नाही पण अख्खं जॅकेट पाणी पिऊन ओल्या गोधडीसारखं जड झालं, त्यावर साठच्या स्पीडचा वारा, ते पाणी वाळायला लागणारी उष्णता जाते कुणाची तर तुझी. म्हणून आधी पाणी बाहेरच अडव. गोअर-टेक्सवाली लॅमिनेटेड जॅकेटं हेच करतात, त्यात पाणी अडवणारा पडदा बाहेरच्या कापडालाच चिकटवलेला असतो, पण एका लेहसाठी तेवढे पैसे घालून मे महिन्यात नाशिकमध्ये उकडून घ्यायचं मला तरी पटत नाही. जॅकेटवरून चढेल असा एक साइज मोठा रेनसूट घे, पाऊस नसला तरी वारा अडवायला तोच घाल.

घेताना दुकानात नुसतं उभं राहून बघू नकोस, गाडीवर बसून हात हँडलला लाव, पाठ उघडी पडते का, बाही मनगटावरून वर सरकते का ते दिसतं. आणि ग्लोव्हजचा कफ बाहीच्या आत, बाहेर ठेवलास तर हातावरून ओघळणारं पाणी सरळ बोटांत. मी नवीन सूट आला की घरच्या शॉवरखाली दहा मिनिटं उभा राहतो, आत जुना राखाडी टीशर्ट घालून, कारण राखाडीवर ओला डाग लगेच दिसतो. घरचे हसतात, हसू देत. मागच्या सूटची चेनच गळकी निघाली, दुसऱ्या दिवशी परत केला.

आता हीटर. मनाली दोन हजार मीटरवर आणि वाटेतली तंगलंग ला ही खिंड ५,३०० च्या पुढे, हजार मीटरला साधारण सहा डिग्री धर, म्हणजे मनालीत २० असेल तर वर शून्याच्या आसपास, वारा वेगळाच. तेव्हा हीटेड लायनरला चैन म्हणता येणार नाही. शिवाय छाती गरम राहिली की शरीर बोटांकडचं रक्त तोडत नाही, त्यामुळे मी हीटेड ग्लोव्हजच्या आधी लायनर घेईन. पण गाडीवर चालणारा बारा व्होल्टचा फुल बाह्यांचा लायनर ७५-९० वॉट खातो आणि तुझ्या गाडीचा अल्टरनेटर, म्हणजे वीज बनवणारा भाग, २२० वॉटचा, तेही आरपीएम चढल्यावर. त्यातले ५५ हेडलाइटचे, मग फ्यूल पंप, इग्निशन, एबीएस. एक लायनर आरामात चालेल, दोन फुल्लवर लावलेस तर बॅटरी उतरून रस्त्यात धक्का मारत बसाल. म्हणून तुला गाडीवरचा, वायर थेट बॅटरीवरून आणि मधे फ्यूज, हॉर्नच्या वायरला जोडून देतो म्हणणाऱ्या मेकॅनिकला हात जोड. वहिनींना ७.४ व्होल्टची बॅटरीवाली बंडी, फुल्लवर दोन-तीन तास टिकते, एक जादा बॅटरी घे. पिलियन, म्हणजे मागे बसणारा, हलत नाही त्यामुळे तिला लवकर गारठा भरतो, तेव्हा ‘तू तर माझ्या मागे बसलीयस’ हे बोलू नकोस.

लायनर पातळ फुलबाह्यांच्या बनियनवर घाल, उघड्या अंगाला नाही, चटके बसतात. स्वेटर घालायचाच तर लायनरच्या वर, आत घातलास तर तापणार स्वेटर, तू नाही. आणि हे सगळं घालून जॅकेटची चेन लागते का ते आत्ताच बघ.

प्रश्न (त्याच वाचकाचा) : परतीला लेहवरून विमान आहे, गाडी ट्रान्सपोर्टने. बॅटऱ्या बॅगेत चालतील?

उत्तर : हँडबॅगेत. जादा लिथियम बॅटऱ्या चेक-इनला देता येत नाहीत, टोकांना टेप लाव. आणि जाताना तंबूत उतरलात तर जेवणाआधी चार्जिंगला लाव, जनरेटर रात्रभर चालू ठेवत नाहीत.