ऐकू येतं पण उतरत नाही : दुभाषी परीक्षेच्या इंग्रजीबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, मी मेलबर्नला असतो, आयटीत आहे. पीआरच्या, म्हणजे इथे कायमचं राहायच्या व्हिसाच्या पॉइंट्ससाठी नाटीची सीसीएल परीक्षा मराठीतून देतोय, दीड महिन्यावर आलीय. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत लिसनिंगला मला साडेआठ बँड होता म्हणून इंग्रजी ऐकण्याचं टेन्शनच घेतलं नव्हतं. पण सरावाचे डायलॉग लावले की वाक्य चालू असताना सगळं कळतं आणि टुंग वाजलं की डोकं कोरं. सुरुवातीचा अर्धा भाग सांगता येतो, पुढचा गायब. रोज दोन तास इंग्रजी बातम्या ऐकतो, शब्दांच्या याद्या पाठ केल्यात, तरी फरक नाही. माझी स्मरणशक्तीच कमी आहे का?

उत्तर : नाही रे, स्मरणशक्ती छान आहे तुझी. सुरुवातीचा अर्धा भाग सांगता येतो असं तू लिहिलंयस ना, त्यातच सगळं आलं, त्याच्याकडे येतेच.

आधी इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. नाटी म्हणजे ऑस्ट्रेलियात भाषांतरकार आणि दुभाष्यांची परीक्षा घेणारी संस्था. तिची सीसीएल परीक्षा पास झालं की स्किल्ड व्हिसासाठी ५ पॉइंट्स मिळतात आणि त्यात मराठीही आहे, म्हणून आपली इतकी मुलं ती देतात. दोन संवाद असतात, प्रत्येक साधारण ३०० शब्दांचा, एक माणूस इंग्रजी बोलतो आणि दुसरा मराठी, म्हणजे दवाखान्यातली रिसेप्शनिस्ट आणि आपल्याकडच्या कुणी आजी असं काहीतरी. संवादाचे तुकडे केलेले असतात, एक तुकडा जास्तीत जास्त ३५ शब्दांचा. तुकडा संपला की टुंग वाजतं आणि तो आपण दुसऱ्या भाषेत सांगायचा. प्रत्येक संवादाला ४५ मार्क, एकूण ९०. पास व्हायला ६३ लागतात आणि शिवाय प्रत्येक संवादात किमान २९. मार्क मिळवत जायचे नसतात, पूर्ण मार्कांपासून सुरू होतं आणि जे सुटलं, बदललं, पदरचं घातलं त्याचे कापले जातात.

आता तुझ्या साडेआठ बँडचं. तो खरा आहे, पण तिथलं ऐकणं वेगळं. आयईएलटीएसमध्ये अर्ध्या तासात ४० प्रश्न, आणि प्रश्न समोर छापलेला. म्हणजे ऐकायच्या आधीच तुला माहिती असतं की फोन नंबर हवाय का तारीख हवीय, कान तेवढंच वेचतो आणि बाकीचं खुशाल सोडून देतो. इथे प्रश्न कुठलाच नाही, जे बोललं गेलं ते सगळंच्या सगळं उत्तर. वेचायची सवय लागलेला कान इथे अडतो, आणि बातम्या दोन तास ऐकल्यास तरी ती सवय मोडत नाही, कारण बातम्या ऐकताना पण आपण वेचतच असतो. भाजी चिरता चिरता ऐकलेल्या बातमीतलं किती सांगता येतं बघ एकदा.

आणि आता तो अर्धा भाग. तू काय करतोयस सांगते, वाक्य चालू असतानाच मनात मराठी जुळवायला घेतोयस. पहिले दहा शब्द आले की तुझं मन ‘याला मराठीत काय म्हणायचं’ यात गुंततं आणि तेवढ्यात पुढचे पंचवीस शब्द डोक्यावरून जातात. ते तू विसरलेला नाहीस, ते तू ऐकलेलेच नाहीस. माझ्याकडे सरावाला येणाऱ्या दर दुसऱ्या मुलाचं हेच होतं. टुंग वाजेपर्यंत मराठी बंद, पूर्ण बंद. नुसतं समजून घ्यायचं की कोण कुणाला काय सांगतंय आणि का.

ते जमायला पहिले दहा दिवस मराठीला हातच लावू नकोस. इंग्रजीतून इंग्रजी कर. एक मिनिटाचं बोलणं घे, दोन वाक्यं झाली की थांबव, डोळे मीट आणि तेच इंग्रजीतच पण स्वतःच्या शब्दांत मोठ्याने सांग. पोपटासारखं तेच शब्द नाही म्हणायचे, शब्द बदलायचेच. शब्द बदलता आले नाहीत तर समज की अर्थ पोचलाच नव्हता, आवाज तेवढा कानात राहिला होता, आणि आवाज चार सेकंदांत उडून जातो. अर्थ राहतो. मोबाइलवर रेकॉर्ड कर आणि मूळ बोलण्याशी ताडून बघ, फार कंटाळवाणं काम आहे हे मला माहितीये पण रेकॉर्डिंग ऐकल्याशिवाय काय गळलं ते स्वतःला कळतच नाही.

काय गळतं ते एका तुकड्यावर दाखवते. हा मी सरावासाठी बनवलेला आहे, नर्स बोलतेय : ‘यू डोन्ट नीड टू फास्ट फॉर धिस वन, बट इफ यू आर ऑन ब्लड थिनर्स, डोन्ट स्टॉप देम अनलेस युअर जीपी टेल्स यू टू.’ पंचवीसच्या आसपास शब्द, एकही अवघड नाही. मागच्या महिन्यात एका हुशार मुलीने याचं सांगितलं, ‘उपाशी राहायची गरज नाही, आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या घेत असाल तर त्या बंद करा, डॉक्टर सांगतील.’ बोलली इतकं सफाईदार की बाकीच्यांना चूक कळलीच नाही. तिला ब्लड थिनर्स आणि स्टॉप हे मोठे शब्द ऐकू आले, ‘डोन्ट’ आणि ‘अनलेस’ निसटले. खरी पेशंट असती तर गोळ्या बंद करून घरी बसली असती. बरोबर सांगणं असं, ‘या तपासणीसाठी उपाशी राहायला नको, पण तुम्ही रक्त पातळ करायच्या गोळ्या घेत असाल तर तुमच्या डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय त्या बंद करू नका.’

म्हणून शब्दांच्या याद्या जरा बाजूला ठेव आणि या बारक्या शब्दांची धास्ती घे : अनलेस, अंटिल, ॲट लीस्ट, अप टू, ऑलरेडी, शुड हॅव, इव्हन इफ. ‘अप टू टू वीक्स’ म्हणजे जास्तीत जास्त दोन आठवडे, नुसतं ‘दोन आठवडे’ म्हटलंस की मार्क गेले, आणि खऱ्या आयुष्यात कुणाची तरी वाट बघण्याची गणितं चुकली. कागदावर लिहायचं तेही हेच. अख्खे शब्द लिहीत बसू नकोस, लिहिताना कान बंद होतो. आकडे, नावं, तारखा, आणि नकाराला फुली, अटीला एखादी खूण, झालं.

आणखी एक, जे कुणीच सांगत नाही. बऱ्याचदा शब्द कळतो, इंग्रजी कळतं, पण तिथला व्यवहार माहिती नसतो म्हणून वाक्य उतरत नाही. ‘देअर विल बी अ गॅप’ असं क्लिनिकवाली म्हणाली तर ती फट किंवा सुट्टी म्हणत नाहीये, मेडिकेअरने, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य विम्याने दिलेले पैसे वजा जाता जी रक्कम पेशंटच्या खिशातून जाते तिला गॅप म्हणतात. आणि बल्क बिलिंग म्हणजे डॉक्टर परस्पर मेडिकेअरकडून पैसे घेतो, पेशंटला काही द्यावं लागत नाही. इन्शुरन्सवाल्याचा ‘एक्सेस’ म्हणजे जास्तीचं काही नाही, क्लेम केला की आधी आपण भरायची रक्कम. घराचा ‘बाँड’ म्हणजे डिपॉझिट. ‘कॅज्युअल’ नोकरी म्हणजे पगारी रजा नाही आणि त्या बदल्यात तासाचा दर जास्त. ‘स्क्रिप्ट’ म्हणजे डॉक्टरची चिठ्ठी, औषधांची. हे तू तिथे राहतोस म्हणून तुला सोपं जाईल, पण स्वतःच्या घरभाड्याचं ॲग्रीमेंट आणि इन्शुरन्सचं पत्रक एकदा नीट वाच, ऐकणं आपोआप सुधारेल. यातल्या कितीतरी शब्दांना आपण मराठीत बोलताना पण तोच इंग्रजी शब्द वापरतो आणि तिथल्या मराठी माणसाला तो कळतोही, पण अर्थ आपल्याला माहिती असेल तरच तो आत्मविश्वासाने म्हणता येतो.

ऐकायला काय घ्यायचं तर सिनेमे नको. एबीसी रेडिओ नॅशनलवर हेल्थ रिपोर्ट आणि लॉ रिपोर्ट असे कार्यक्रम आहेत, ते घे. आरोग्य, कायदा, घर, नोकरी, शिक्षण, इन्शुरन्स, सरकारी मदत अशा विषयांवरचे संवाद परीक्षेत येतात. दोन तास नको, अर्धा तास, पण थांबवत थांबवत आणि बोलून. दहा दिवसांनी मराठी आण. आणि प्रत्येक संवादात एक तुकडा मार्क न कापता पुन्हा ऐकायला मिळतो, तो पहिल्याच तुकड्याला घाबरून वापरू नकोस, आकड्यांची किंवा औषधांची माळ आली की वापर.

प्रश्न : नमस्कार. मी पुण्यात असते, मिस्टर आधीच सिडनीला गेलेत, सीसीएल मी देणार आहे. माझं शिक्षण मराठी माध्यमात झालंय, इंग्रजी वाचलेलं सगळं कळतं पण ऑस्ट्रेलियन बोलायला लागले की काही सुधरत नाही आणि आकड्यांमध्ये तर हमखास चुकते. काय करू?

उत्तर : मराठी माध्यम ही तुमची जमेची बाजू आहे हो, अर्धी परीक्षा मराठी ऐकून इंग्रजीत सांगायची असते आणि उरलेल्या अर्ध्यात तुमचं मराठी ऐकलं जातं. इंग्रजी माध्यमातली मुलं ‘एकोणनव्वद’ ऐकून नव्व्याण्णव सांगतात, ते तुमचं होणार नाही.

उच्चारांचं म्हणाल तर चार गोष्टी कानाला सांगून ठेवल्या की बरंच धुकं जातं. त्यांचा ‘ए’ हा ‘आय’कडे झुकतो, टुडे हा टुडाय वाटतो, एट हा आइट. शब्दाच्या शेवटचा र ते म्हणत नाहीत आणि मधला ट मऊ होतो, म्हणून वॉटर म्हणजे जवळजवळ ‘वॉडा’. ‘कॅन’ आणि ‘कान्ट’ यात शेवटचा ट शोधत बसू नका, तो बहुतेक वेळा ऐकूच येत नाही, स्वर ऐका : आखूड ॲ असेल तर जमतं, लांब आ असेल तर जमत नाही. हे एकदा कानात बसलं की होकार-नकाराची भीती गेली. आणि शब्द तोडायची त्यांना फार हौस, दुपारनंतरची वेळ म्हणजे आर्वो, गाडीचं रजिस्ट्रेशन रेजो, प्लंबर-इलेक्ट्रिशियन वगैरे सगळे ट्रेडी.

आकड्यांत सगळ्यात जास्त लोक ज्यात पडतात तो शब्द आकडाच नाहीये, ‘फोर्टनाइट’. तिथे भाडं, पगार, सरकारी मदत बरंचसं दर पंधरवड्याला असतं, आणि आपण त्यातलं ‘फोर्ट’ ऐकून चाळीस किंवा चौदा लिहून मोकळे. दर पंधरवड्याला म्हणा, दर दोन आठवड्यांनी म्हणा, पण आठवड्याला म्हणू नका, रक्कम दुप्पट होते. फिफ्टीन आणि फिफ्टी यात जोर कुठे पडतो ते ऐका, पंधरात शेवटी आणि पन्नासात सुरुवातीला. ‘हाफ पास्ट टू’ला अडीच, ‘क्वार्टर टू थ्री’ला पावणेतीन, हे सुचायला वेळ लागता कामा नये. घरात कुणाला तरी बसवा, मुलगा-मुलगी असेल तर त्यांना आवडतं हे, त्यांनी इंग्रजीतून भराभर वेळा, रकमा, तारखा म्हणायच्या आणि तुम्ही मराठीतून, रोज दहा मिनिटं. एक मिलियन म्हणजे दहा लाख, हे माहिती असतं सगळ्यांना पण घाईत एक लाख निघतं तोंडातून, म्हणून तेही त्यात घ्या.

आणि आवाज हळू करून ऐकायची जी सोय असते मोबाइलवर ती फक्त पहिल्यांदा वापरा. तोच तुकडा लगेच मूळ वेगात ऐका, नाहीतर कान हळूलाच सरावतो.

प्रश्न : ताई, माझं वय ४८, ॲडलेडला पंधरा वर्षं झाली. ओळखीतल्या वयस्कर लोकांबरोबर दवाखान्यात जाऊन मी त्यांच्यासाठी बोलते. सीसीएल पास झाले तर दुभाषी म्हणून काम करता येईल का?

उत्तर : ताई, तुमच्यासारख्या बायकांमुळे कितीतरी आजी-आजोबांची दुखणी डॉक्टरांपर्यंत पोचलीत, मनापासून सांगते. पण नाही, सीसीएल ही पॉइंट्ससाठीची परीक्षा आहे, त्यावर दुभाषी म्हणून काम करता येत नाही. त्यासाठी नाटीचं दुभाष्याचं सर्टिफिकेशन लागतं, त्याआधी ट्रेनिंग, आणि नीतिनियम व दोन संस्कृतींमधल्या समजुतीच्या वेगळ्या परीक्षा. दर तीन वर्षांनी ते नव्याने करावं लागतं. तुमच्यासाठी कुठला मार्ग खुला आहे ते नाटीलाच विचारा, भाषेप्रमाणे मार्ग बदलतात.

तयारी मात्र आजपासून करता येईल. आत्ता तुम्ही दवाखान्यात ‘त्यांच्यासाठी बोलता’, म्हणजे आजींनी पाच वाक्यं सांगितली तर तुम्ही त्यातलं महत्त्वाचं काढून डॉक्टरला दोन सांगत असाल, आणि डॉक्टरने घाबरवणारं काही सांगितलं तर ते जरा मऊ करून. नात्यात ते योग्यच वाटतं. दुभाष्याला ते करता येत नाही. पाचची पाच जायला हवीत, ‘मी असं म्हणते’ हे ‘मी’नेच जायला हवं, ‘त्या म्हणतायत’ नाही. हे मोडायलाच सगळ्यात जास्त दिवस लागतात. वर त्या मुलाला सांगितलेला इंग्रजीतून इंग्रजीचा सराव तुम्ही पण करा, गाळायची सवय त्याने जाते.

आणि तोवर कुणा आजींची मोठी अपॉइंटमेंट असेल, ऑपरेशनच्या संमतीची वगैरे, तर दवाखान्याला आधी फोन करून मराठी दुभाषी मागा. सरकारची टीआयएस नॅशनल ही फोनवरून दुभाषी देणारी सेवा चोवीस तास असते, नंबर १३१ ४५०. तुम्ही शेजारी बसा, आजींचा हात धरा आणि तो दुभाषी कसा थांबतो, कुठे पुन्हा विचारतो, ते नीट ऐका.