तुमचं विचारा: ओव्हन आधी का गिऱ्हाईक आधी?

प्रश्न: ताई नमस्कार, मी सेलू तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. घरी ओटीजी (विजेवरचं छोटं ओव्हन) आहे, यूट्यूब बघून केक, नानकटाई, पाव सगळं करून बघितलं, शेजारपाजारचे नाव काढतात. मालक म्हणायलेत कर्ज काढू, मोठं ओव्हन घेऊ आन् स्टँडजवळ गाळा बघू. पण माझा पाव थंडीत झकास होतो अन् उन्हाळा लागला की आंबट वास मारतो, खाली बसतो. कोर्स करावा का? सरकारची काही मदत मिळते का? सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, जि. परभणी

उत्तर: ताई, गाळ्याचं आत्ता डोक्यातून काढून टाका बरं. भाडं एक तारखेला मागायला येतं, गिऱ्हाईक त्याच्या सवडीनं येतं. आणि या धंद्यात पैसा अडकतो तो रिटर्न मालात नाहीतर उधारीत. टपरीवाला म्हणतो ठेवून जा, खपलं की देतो, अन् चार दिवसांनी निम्मा टोस्ट मऊ पडून परत येतो, तोही तुम्हीच नेऊन ठेवलेला म्हणून बोलायची सोय नाही. त्यामुळं माझं मत स्पष्ट आहे, सुरुवातीला टिकणारा एकच माल धरा आणि ऑर्डर आली की भाजा. केकच्या मागं आता गल्लीगल्लीत लोक लागलेत आणि क्रीम आपल्याकडच्या उन्हात तासभर तग धरत नाही, तो नाद नंतर.

नानकटाईचाच हिशोब मांडून बघा. पाऊण किलो मैदा, पाव किलो बेसन, ६०० ग्रॅम पिठीसाखर, ६५० ग्रॅम वनस्पती तूप. मैदा ४०, बेसन १००, साखर ४५ आणि तूप १५० रुपये किलो धरलं तर एक घाणा, म्हणजे एका वेळचा माल, पडतो साधारण १८० रुपयांना आणि भाजून माल निघतो दोन किलोच्या आसपास. म्हणजे किलोला ९० रुपये नुसता कच्चा माल. यात वेलदोडा, डबा, वीज, तुमची मजुरी अजून धरलीच नाही आणि बायका इथंच चुकतात, स्वतःची मजुरी कुणीच धरत नाही. साजूक तुपाची करायची तर तूप ६०० रुपये किलोनं धरा, खर्च एकदम अडीचपट होतो, म्हणून दोन्ही माल वेगळे ठेवा, वेगळा भाव सांगा, अर्धं हे अर्धं ते करू नका, जीभ ओळखते. वनस्पती सुटी घेऊ नका, लेबल असलेलीच घ्या कारण २०२२ पासून ट्रान्सफॅट (तब्येतीला घातक चरबी) २ टक्क्यांच्या आत पाहिजे असा नियम आहे. ज्वारीची बिस्किटं पण जमतात, आपल्याकडं ज्वारीला काय तोटा! पण ज्वारीत ग्लुटेन (पीठ ताणून धरणारा चिकटपणा) नाही, त्यामुळं नुसत्या ज्वारीचा पाव फुगायचा नाही, तिथं हट्ट नको.

आता तुमचा पाव. उन्हाळ्यात आपल्याकडं पारा ४२-४३ ला जातो, मैद्याचं पोतंसुद्धा गरम लागतं, अशात यीस्ट पिसाळल्यासारखं पळतं आणि तुम्ही मात्र थंडीतल्या सवयीनं तेवढाच वेळ झाकून ठेवता. गोळा फुगायचा तेवढा फुगून पार होतो, पिठातली ग्लुटेनची जाळी दम सोडते, ओव्हनमध्ये गेला की बसतो, आंबट वास त्याचाच. मळून झाल्यावर गोळ्याचं तापमान २६-२७ डिग्री यायला पाहिजे, त्यासाठी माठातलं पाणी पुरत नाही, बर्फ लागतो. पाण्याच्या वजनातच बर्फ धरायचा, म्हणजे ६०० ग्रॅम पाणी लागत असेल तर ४०० पाणी २०० बर्फ, वरून जास्तीचा नाही. यीस्ट थोडं कमी करा, मीठ किलोला २० ग्रॅमच्या खाली आणू नका, मीठच त्याला आवरतं. घड्याळ बघू नका, पिठाचं बोट गोळ्यात हलकं दाबा: खड्डा हळूहळू अर्धा भरला तर ओव्हनला लावा, तसाच राहिला तर उशीर झाला. आणि हे पहाटे करा, दुपारी लाईट गेली तर सगळाच घाणा वाया.

कोर्स कराच, पण हजारो रुपये भरून दोन दिवसांत डिझायनर केक शिकवणारा नको. परभणीच्या कृषी विद्यापीठात अन्नतंत्र महाविद्यालय आहे, तिथं जाऊन बेकरीचं प्रशिक्षण कधी असतं ते विचारा. जिल्ह्याच्या आरसेटीत (ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत) शिकवणं, राहणं, जेवण सगळं फुकट असतं.

कागदपत्रं म्हणाल तर घरून विकायलाही एफएसएसएआयची (अन्नसुरक्षेच्या सरकारी यंत्रणेची) नोंदणी लागते, छोट्या धंद्याला वर्षाला १०० रुपये फी, ऑनलाइन होते, एजंटला हजार-दोन हजार द्यायचं कारण नाही. कर्जासाठी जिल्हा उद्योग केंद्रात मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाची चौकशी करा, ग्रामीण भागात महिलांना ३५ टक्के अनुदान आहे. पण ते नव्या उद्योगालाच मिळतं आणि हातात नाही, कर्जापोटी बँकेत जमा होतं. म्हणून आधी उसनवारीनं ओव्हन घेऊन मग सबसिडी मागायला जाऊ नका. ओटीजीत ऑर्डरी आवरेनाशा झाल्या की मग दोन ट्रेचा डेक ओव्हन (बेकरीतला मोठा ओव्हन) बघा, गॅसचा, मालकांना तसं सांगा.

प्रश्न: मी उदगीरला घरून केक विकते. अंडं घालते पण मांस तर नाही ना, मग डब्यावर हिरवी खूण चालेल का?

उत्तर: नाही चालणार. लेबलच्या नियमात अंडं मांसाहारीतच धरतात, चौकटीतला तपकिरी त्रिकोण लावावा लागतो. दोन्ही प्रकार करत असाल तर भांडी, बीटर, टिन वेगळे ठेवा, माळकरी घरातलं गिऱ्हाईक हे विचारतंच आणि विचारणारच. डब्यावर घटक, वजन, एमआरपी, १४ आकडी नोंदणी नंबर आणि तारखा पाहिजेत. तारखा पेनानं खाडाखोड करून टाकू नका, स्टेशनरीच्या दुकानात तारखेचा शिक्का मिळतो, तो घ्या.